भिंतीकडे तोंड केलेला पंखा

सकाळी लाइट गेली आणि आली. न्हाणीघरातला बल्ब परत लागला, फ्रिज कण्हत सुरू झाला, समोरच्या क्वार्टरमध्ये अर्धवट राहिलेला मिक्सर एकदम किंचाळला. फ्लाव्हिया तोंडात ब्रश धरून उभी राहिली. सगळं आलं होतं आणि तरी काहीतरी यायचं राहिलं होतं, आणि काय राहिलंय ते तिला पटकन सांगता येईना. नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मागच्या काजूच्या झाडावर सातभाई भांडत होते, तेही ऐकू येत होतं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता, आणि हे तिला मुळीच आवडलं नाही. मग आतल्या खोलीतून पापांनी हाक मारली, "फ्लावी, लायट येवक नाय गो अजून?" "इली, पापा," ती फेसाच्या तोंडानं म्हणाली आणि म्हणता म्हणता तिला उमगलं. पंखा आला नव्हता.

पापांच्या खाटेशेजारी स्टुलावर तो होता तसाच उभा होता, भिंतीकडे तोंड करून. जानेवारीत ओरोसला सकाळचा चांगलाच गारठा असतो. वाऱ्याची पापांना गरज नव्हती, उलट वारा लागला की खोकला व्हायचा, म्हणून नाताळाच्या आधीच तिनं त्याचं तोंड फिरवून ठेवलं होतं. कचेरीतली संचिता एकदा घरी आली तेव्हा म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या भिंतीला फार उकडतं वाटतं." फ्लाव्हिया हसली होती, समजावून सांगायचं तर पापांबद्दल सगळंच सांगावं लागलं असतं. पापा उजवा हात पंख्याच्या लोखंडी बैठकीवर ठेवून झोपत. बैठकीतून येणारी बारीक थरथर तळहाताला लागत राहिली की ते सकाळपर्यंत कूससुद्धा बदलत नसत. आत्ताही हात तिथंच होता. पाती उभी होती, पोटातून दबलेली गुणगुण येत होती, आणि मोटरच्या टोपणाला बोट लावलं तर जेमतेम कोमट लागलं. तिनं पिन ओढून काढली, जाळीतून बोट घालून पातं ढकललं. हललं नाही. आणखी जोर केला तर अख्खा पंखाच स्टुलावर सरकला. "रुसलो काय तो?" पापांनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

ती कृषी खात्याच्या कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळायची आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांत वडिलांना घेऊन राहायची. माय, म्हणजे सेवरीना, गेली तेव्हा पापांचं तोंडवलीच्या घरात एकट्याचं काही धड होईना म्हणून तिनं त्यांना इकडं आणलं, आणि आणल्यापासून एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यातून निसटत गेली. आधी वार गेले, मग माणसांची नावं, मग माय गेली आहे हे. फक्त शनिवार तेवढा कसा कोण जाणे शाबूत राहिला. तोंडवलीचं घर धाकट्या भावानं, ब्लेझनं, पर्यटकांसाठी खोल्या काढून एकाला चालवायला दिलं होतं. पापांच्या खोलीत आता एसी होता आणि दारावर माशाचं चित्र. म्हणजे परत जायची वाट बंद. गेल्या आठवड्यात ब्लेझचा म्हापशाहून फोन आला की बार्देशातल्या सिस्टरांच्या आश्रमात एक खाट रिकामी झाली आहे. खाट रिकामी होते म्हणजे काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं, त्यावर बोलणं झालं नाही. फ्लाव्हियानं नको म्हणून सांगितलं होतं. तिच्याकडे एकच मुद्दा होता आणि तो बिनतोड होता: पापा रात्रभर गाढ झोपतात, दिवसा शेवंतीकाकी येऊन बसते, मग त्यांना हलवायचं कशासाठी? ब्लेझ म्हणाला होता, "बरां बाय, झोपतंत तोवर रवांदे तुझ्याकडे." आश्रमवाले रविवारपर्यंत थांबणार होते. हे बोलणं झालं आणि मंगळवारी पंखा गेला.

ती रात्र पापांनी घरभर चालून काढली आणि पुढची रात्र कॉलनीभर. असं पूर्वी एकदा झालं होतं, वादळात खांब पडून वीज गेली होती तेव्हा. या कॉलनीतल्या इमारती मुळातच सारख्या, पिवळा रंग, तीच जाळी, तीच पायरी. पहिले काही महिने फ्लाव्हियासुद्धा बाजारातून येताना इमारतीचा नंबर वाचून जिना चढायची. पापा एकेका दारावर टकटक करायचे आणि कुणी उघडलं की टोपी काढल्यासारखा कपाळाला हात लावून अदबीनं विचारायचे, "सेवरीना आसा काय घरात?" माणसं चांगली होती. नाही म्हणून सांगायची, मग फ्लाव्हियाला फोन करायची. यावेळीही तसंच झालं, फक्त दुसऱ्या इमारतीतले एक साहेब जरा तोडून बोलले की मॅडम, लहान मुलं घाबरतात. त्यांचं काय चुकलं? फ्लाव्हियाला त्यांचा राग आला नाही, इतकी तिला झोप येत होती. कचेरीत बदलीच्या आदेशावर सही घ्यायला गेली आणि साहेबांच्या टेबलासमोर उभ्या उभ्या तिचे डोळे मिटले. संचितानं कोपर धरून तिला बाहेर आणलं आणि चहा पाजला.

उपाय तिनं सगळे केले. छताचा पंखा लावला. पापा उठून बसले आणि वर बघत राहिले. संचिताच्या घरचा प्लॅस्टिकचा टेबल फॅन आणून स्टुलावर ठेवला. पापांनी बैठकीवर हात ठेवला, लगेच काढून घेतला आणि धोतराला पुसला. मोबाइलवर पंख्याचा नुसता आवाज तासन्‌तास ऐकवणारे व्हिडिओ असतात, जगात कितीतरी लोकांना त्याशिवाय झोप लागत नाही हे तिला नव्यानंच कळलं; तो लावून मोबाइल उशाखाली ठेवला. पापा म्हणाले, "ह्यो कोण बडबडता?" आणि उठले. त्यांना आवाज नको होता, वारा नको होता. त्यांना तोच पंखा हवा होता. आश्रमात तो नेता आला असता तर निम्मा प्रश्न सुटला असता, पण तिथं कुणालाही स्वतःची विजेवर चालणारी वस्तू आणू देत नाहीत, ब्लेझनं आधीच विचारून ठेवलं होतं. नाताळात दोघं बहीण-भाऊ ती जागा बघून आले होते. स्वच्छ होती. सिस्टर गोड बोलत होत्या. ओळीनं खाटा, आणि खाटांवरच्या सगळ्यांचे केस एकाच माणसानं कापलेले. पुरुष कोण आणि बायका कोण ते फ्लाव्हियाला काही खाटांपाशी ओळखता आलं नव्हतं, आणि ती घरी येऊन पापांचे पांढरे लांब केस बराच वेळ विंचरत बसली होती.

पंखा मुंबईचा. पापा फोर्टमधल्या एका क्लबात वाचनालयाच्या खोलीवर बेअरर होते. तिथं एसी बसले तेव्हा जुने पंखे मागच्या अंगणात काढून ठेवले आणि नोकरांना म्हणाले, हवा तो घ्या. बाकीच्यांनी नवे दिसणारे उचलले. पापांनी ज्याच्या वाऱ्यात पंधरा-वीस वर्षं पाणी नि वर्तमानपत्रं आणून दिली तोच घेतला: काळं लोखंड, पितळी पाती, पितळी जाळी, आणि उचलायला गेलं तर कंबर धरेल असं वजन. एसटीच्या रातराणीत तो मांडीवर धरून ते तोंडवलीला आले होते. वाडीत वीज होती पण पंखा कुणाकडे नव्हता, आणि असा तर नव्हताच नव्हता. मे महिन्यात पडवीत एकाच मोठ्या चटईवर सगळे झोपायचे: आधी पापा, मग माय, मध्ये ब्लेझ आणि भिंतीला फ्लाव्हिया. पंखा मान फिरवायचा आणि वारा पाळीपाळीनं यायचा. आधी पापांवरून, मग मायवरून, मग ब्लेझचे केस उडायचे, मग तिच्यापर्यंत पोचायचा आणि वळण्याआधी तिथं क्षणभर थांबायचा. ब्लेझ म्हणायचा की तिला जास्त मिळतं. ती म्हणायची, तुला दोनदा मिळतं, जाताना आणि येताना. हे भांडण इतक्या उन्हाळ्यांत पुरलं की मायनं एकदा वैतागून दोघांच्या जागा बदलल्या होत्या, आणि मग भांडण उलट्या बाजूनं सुरू झालं. वारा ब्लेझच्या अंगावरून निघाला आहे आणि आता येईल, एवढं डोळे मिटून ठाऊक असणं, हे सुख फ्लाव्हियाला पुढं कशातच सापडलं नाही. लग्न ठरता ठरता राहिलं, मायचं आजारपण आलं, नोकरीत बढती आली, पन्नाशी आली. सगळं आलं, पण ते येईल हे आधी कळलं नव्हतं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं पंखा रिक्षात घातला आणि कुडाळला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात नेला. दुकानदार तरुण होता, कानात इअरफोन, हात ग्रीसनं काळे. त्यानं मीटर लावून बघितलं, कॉइल चांगली आहे म्हणाला, मागून एक टिचकी मारली, पातं धरून पिळलं. "दांडा बुशात, म्हणजे त्याच्या पितळी नळीत, जाम झालाय मॅडम. जोर केला तर वाकेल. याचे बुश आता मिळत नाहीत, लेथवर करून घ्यावे लागतील, आणि माझ्याकडे पंपांची लाइन लागलीये. महिन्याभरानं आणा." मग जाळीवरून हात फिरवून म्हणाला, "पितळ भारी आहे पण. शोपीस म्हणून ठेवा." फ्लाव्हिया बरं म्हणाली. पंखा परत रिक्षात ठेवून ती शेजारी बसली, रिक्षा हायवेला लागली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. नुसतं बरं नाही, चांगलंच हलकं वाटत होतं, शाळेत सरांना ताप आल्याचं कळल्यावर वाटायचं तसं. तिनं ते वाटणं तिथल्या तिथं दाबून टाकलं. थकव्यानं माणसाला काहीही वाटतं. तिनं पंख्याच्या जाळीवर हात ठेवला, खड्ड्याच्या धक्क्यानं पडू नये म्हणून, आणि ओरोसपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं ब्लेझला सगळं सांगितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मगे आयतारा गाडी घेवन येव काय?" ती म्हणाली, "शनवारी माका सुट्टी आसा. मी स्वतः खोलून बघतंय." "तू? तुका काय येता त्यातला?" "व्हिडिओ बघतलंय." ब्लेझ म्हणाला, "बाय, इतक्या कित्याक करतंस गो?" त्यात टोमणा नव्हता, उलट माया होती, आणि म्हणूनच तिला राग आला. तिनं सांगितलं की प्रयत्न करून बघायला नको काय, आणि फोन ठेवला. प्रयत्न करून बघायला नको काय. हे वाक्य तिला रात्रभर पुरलं. पापा दाराची कडी चाचपत होते, ती खुर्ची दाराला लावून तिच्यावर बसली होती आणि स्वतःला विचारत होती की हा प्रयत्न पंखा सुरू व्हावा म्हणून, की उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून? आपण सगळं केलं हो. खोलूनसुद्धा बघितला.

शनिवारी सकाळी तिनं जुनं बेडशीट अंथरलं आणि पंखा आडवा घातला. पापा खाटेवर बसून बघत होते. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं की आधी दुखणं कुठं आहे ते शोधा: मोटर अडकली आहे की मान फिरवणारा गिअर. तिनं मागची खुंटी सोडवून मान मोकळी केली. पातं तरीही हलेना. म्हणजे दुखणं पोटातच. जाळी काढली, पात्यांचा बारीक स्क्रू ढिला करून पाती काढली, पितळेखालची हिरवट पूड बोटांना लागली. पुढच्या टोपणाचे स्क्रू निघाले आणि आतली कापडी वेष्टणाची वायर दिसली, हात लावला तर भुगा होईल अशी. हे मात्र तिला भलतंच आवडत होतं. स्क्रू काढले त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडायचे, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं खूण. आस्थापनेच्या टेबलावर तिनं आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त तिथं आत मोटर कधी सापडली नव्हती. मग वास आला. जळक्याच्या खालून आलेला, खवट, गोडसर, ओळखीचा वास. दांड्याभोवती तपकिरी चिकट राळ साचली होती, काकवीसारखी. तेल झिरपायला ठेवलेला फेल्टचा बोळा तिनं चिमट्यानं उपसला आणि नाकाशी नेला. खोबरेल.

शेवंतीकाकी तेवढ्यात आली. ओरोसजवळच्या वाडीतली, साठीची, गेली दोन-तीन वर्षं पापांना तिनंच सांभाळलं होतं; सुट्टीच्या दिवशीही भाजी घेऊन डोकावून जायची. "काकी, पंख्यात तेल कोण घाली होता?" फ्लाव्हियानं विचारलं. "मीच मां," शेवंती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "दर शनवारी. बाबाच माका आठवण करतंत, आज शनवार, पंख्याक तेल घाल म्हणान. बाकी सगळा इसरतंत, ह्या इसरणंत नाय. बाजारचा नाय हां घालनंय, आमच्या माडांचा, घाण्यावरचा." फ्लाव्हियानं फळीवरच्या बाटलीकडे बघितलं. थंडीनं खोबरेल पांढरंफटक गोठलं होतं. गुडघ्यांना तेच, केसांना तेच, कुरकुरणाऱ्या दाराला तेच, शिवणयंत्राला तेच. घरात दुखलंखुपलं, वाजलं, अडलं की हात त्याच बाटलीकडे जातो. तोंडवलीला पापा मुंबईहून आणलेलं मशीनचं पातळ तेल वापरायचे, लांब नळीच्या डबीतून दोन थेंब; ती डबी कधीच हरवली होती, शनिवार मात्र राहिला होता. मोटरच्या धगीत ते खोबरेल आठवड्याआठवड्यानं आटत, आंबत, चिकटत गेलं. पंखा रात्रंदिवस चालूच असे; चालू असे तोवर ऊब असे आणि ऊब असे तोवर दांडा कसाबसा फिरे. मंगळवारी थंडीत थोडा वेळ लाइट गेली, तेवढं त्याला पुरलं. "काय झाला? काय बिघाडला काय माझ्यान?" शेवंतीनं विचारलं. "नाय गो काकी," फ्लाव्हिया म्हणाली. "बरा केलंस तू." दुसरं काय म्हणणार? त्या घाण्यावरच्या तेलात एक थेंब भेसळ नव्हती.

पण कारण सापडलं म्हणजे उपायही सापडला, आणि इथं तिचा हात थबकला. गोठलेलं तेल उबेनं सुटतं, हे कळायला व्हिडिओ लागत नाही. तिनं पाणी तापवून पापांची रबराची पिशवी भरली, रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यावर ठेवायची ती, आणि टॉवेलात गुंडाळून मोटरवर ठेवून शेजारी बसली. बसल्या बसल्या तिला सोमवार दिसला. म्हणजे पापा नसलेला सोमवार. कचेरीतून यायचं, कुलूप काढायचं, चहा एकाच कपाचा. आडवं व्हायचं आणि सकाळी उठायचं. याच्यापुढं काही दिसेना. ती कुठं जाणार होती, काय करणार होती, कुणाला भेटणार होती, काहीच सुचेना. नुसती झोप, काळी, जाड, कुणी न हलवणारी झोप, आणि त्या झोपेसाठी तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला स्वतःची किळस आली. मग तिला मंगळवारच्या आधीचे दिवस आठवले, पंखा चालू असतानाचे, आणि तेही काही सुखाचे नव्हते हे आठवलं. पापा झोपायचे. ती त्या गुणगुणीत जागी पडून असायची आणि वाट बघायची. कशाची, ते तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाची खाट कधीतरी रिकामी होणारच की. तिनं पिशवी उचलली. पकडीला जुना मोजा गुंडाळला, दांडा पकडला आणि हळूच पिळला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा आतून चिकट, ओलसर आवाज आला आणि दांडा सुटला.

फ्लाव्हियाला वाईट वाटलं. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही; मोटर सुटली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अजून काही बिघडलेलं नव्हतं. दांडा इकडून तिकडे हलत होता खरा, पण शेवंती भाजी निवडायला स्वयंपाकघरात गेली होती, कुणी बघितलं नव्हतं. असंच सगळं गोळा करून बेडशीटची गाठ मारली असती तर? नाही झालं म्हणायचं. खोलला, बघितला, नाही झालं. तिनं स्क्रू गोळा करायला हात पुढं केला तर पापा खाली उतरून बेडशीटवर मांडी घालून बसलेले. काल ज्यांना तिचं नाव आठवत नव्हतं, जेवलेलं आठवत नव्हतं, त्या पापांनी पातळ झालेली राळ अंगठ्यानं पुसली, वास घेतला, तोंड वाकडं केलं. "रॉकेल हाड," ते म्हणाले. आवाज जुना होता, पडवीतला. तिनं शेवंतीला पाठवून तिच्या घरचं, चूल पेटवायला ठेवलेलं रॉकेल आणवलं. पापांनी चिंधी बोटाला गुंडाळून बुशाच्या आतून फिरवली, काढली, उजेडात बघितली, परत फिरवली. काळं निघायचं थांबेपर्यंत. तिला घाई झाली होती की वेळ काढायचा होता, तिचं तिलाच कळेना. ती मोडकळीला आलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होती आणि त्यांच्या हातांकडे बघत होती. रॉकेल पुसून वाळवलं, शेजारून आणलेलं शिवणयंत्राचं तेल दोन थेंब सोडलं, नवा बोळा बसवला. पात्यांचा स्क्रू पापांनी न बघता चाचपून त्याच्या खाचेत बसवला आणि तिच्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. "घट्ट कर," ते म्हणाले. "मगे सुटता." तिनं घट्ट केलं.

दुपार कलली तेव्हा पंखा स्टुलावर चढला, भिंतीकडे तोंड करून. शेवंतीनं जाताना देवाच्या तसबिरीसमोर हात जोडले, आपल्या नव्हे, फ्लाव्हियाच्या देवाच्या, कारण घर तिचं. पिन लावली. पाती आधी जडशी हलली, मग एकमेकांत मिसळून नुसतं पिवळं वर्तुळ राहिलं, आणि ती गुणगुण खोलीत आली. किती स्वच्छ आली! इतक्या वर्षांत ती कशी खरखरत होती ते आत्ता कळलं. पापांनी बैठकीवर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू वगैरे आलं नाही, फक्त खांदे खाली आले, आणि थोड्याच वेळात तोंड किंचित उघडं टाकून ते झोपले. चार दिवसांची झोप होती ती. "बघ, झोपले माझे बाबा," शेवंती दारातून कुजबुजली आणि पदरानं डोळे टिपून गेली. फ्लाव्हिया खुर्चीत बसली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं. हातांना रॉकेलचा आणि खोबरेलाचा वास येत होता. आता पंखा आणखी वीस वर्षं चालेल, तिच्या मनात आलं, आणि तिनं घाबरून पापांच्या छातीकडे बघितलं. छाती संथपणे वर-खाली होत होती.

फोन वाजला. तिनं तो लगेच उचलला, त्यांना जाग येऊ नये म्हणून, आणि फोन घेऊन बाहेर जायचं राहून गेलं. "काय गो बाय," ब्लेझ म्हणाला, "फिरलो पंखो?"

ती पंख्याकडे बघत होती.

"नाय," ती म्हणाली. "सगळो खोललंय. फिरणा नाय."

पलीकडे ब्लेझ ऐकत होता. कानाला फोन लावून तो म्हापशाच्या आपल्या घरात उभा होता आणि ऐकत होता, हे तिला इथं बसून कळत होतं. चटईच्या मधोमध झोपायचा तो. या आवाजात दोघांच्या गोवराच्या रात्री गेल्या होत्या, परीक्षेच्या गेल्या होत्या, माय गेली तेव्हाच्या गेल्या होत्या. तिनं फोनवर हात धरला नाही.

"ह्यो आवाज कसलो येता?" त्यानं विचारलं.

"शेजारचो."

गुणगुण चालूच होती, इथल्या खोलीत आणि फोनवरून म्हापशाच्या घरातही.

"बरां," ब्लेझ म्हणाला. "सकाळचो येतंय मगे. तेंचे कपडे भरून ठेव. लोकरीचो एक घाल वर, गाडीत थंडी लागतली तेंका."

"घालतंय," ती म्हणाली.

फोन ठेवून ती पंख्यापाशी गेली आणि पिनेला हात लावला. पापांचा हात बैठकीवर पालथा पडला होता, बोटं थरथरीबरोबर बारीक हलत होती. उठेपर्यंत चालू राहू दे, असं तिनं ठरवलं. मग गुडघ्यांवर बसून तिनं खाटेखालची बॅग आवाज न करता ओढून घेतली आणि त्यांचे सदरे एकेक घडी मोडून पुन्हा नीट घालायला लागली.